पिकअपच्या हौद्यात ॲल्युमिनियमचा पत्रा: दोन धातूंच्या सांध्यातला गंज कसा रोखायचा

प्रश्न थोडक्यात असा. यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादकानं जुनी पिकअप घेतली आहे. हौद्याचा तळ सडला आहे. लोखंडी चौकटीवर ॲल्युमिनियमची चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा पत्रा) स्वतःच बसवायची आणि ती स्टेनलेसच्या नटबोल्टनं आवळायची, असा बेत आहे. पण शेजाऱ्याच्या गाडीत असंच काम झालं होतं. दोन पावसाळ्यांत बोल्टभोवती पांढरी भुकटी आली आणि पत्रा कडेनं फुगला. वेल्डिंगवाला म्हणतो, ‘इथं कुठं समुद्र आहे, काही होत नाही.’ मग शेजाऱ्याच्या गाडीत झालं ते काय, आणि आपण काय वेगळं करायचं?

भाऊ, पत्र्याची निवड बरोबर आहे आणि बोल्टचीही. शेजाऱ्याच्या गाडीत चुकला तो सांधा. धातू महाग घ्यायचा की स्वस्त यापेक्षा त्या दोन धातूंमध्ये ओल अडकते की नाही, यावर सगळं ठरतं. पैसा आणि वेळ तिथं घाला.

आधी होतं काय ते बघू. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले हवेत, आणि दोघांनाही भिजवणारं क्षाराचं पाणी हवं. एवढं जमलं की तिथं बॅटरीचा एक सेल तयार होतो. दोघांपैकी जो जास्त क्रियाशील असतो तो झिजतो आणि दुसरा वाचतो. धातूंचा स्पर्श तोडा किंवा पाणी तोडा, सेल बंद. ही रसायनाची बाजू तुम्ही शेतात आधीच पाहिली असेल. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं पाणी, तयार झालं की त्यात स्वच्छ विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असं समजून अजून चुना घालतात. तो तांबूस थर म्हणजे मोरचूदातलं तांबं. ते पात्यावर बसतं आणि त्याच्या बदल्यात पात्याचं लोखंड पाण्यात जातं. हौद्यात मोरचूद सांडलं की ॲल्युमिनियमवर हेच घडतं, आणि जास्त जोरात घडतं. पत्र्यावर तांब्याचे सूक्ष्म कण बसतात आणि प्रत्येक कणाभोवती एक छोटा सेल सुरू होतो. गाडीत तांब्याचा एकही भाग नसला तरी पत्र्याला टाचणीएवढे खड्डे पडतात ते यामुळं. शहाद्याकडं पपईच्या आळवणीला मोरचूद किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ड्रम बंद झाकणाचा असू द्या आणि त्याखाली प्लास्टिकचा ट्रे ठेवा.

आता वेल्डिंगवाल्याचं म्हणणं. समुद्र नाही हे खरं, पण क्षार आपण स्वतः गाडीत भरतो. केळीला लागणारं पोटॅश, म्हणजे ०:०:६० चं पोतं, हे पोटॅशियम क्लोराईड असतं. त्याच्या वजनात निम्म्याच्या जवळपास क्लोराईड. ॲल्युमिनियमच्या अंगावरचा जो पातळ ऑक्साईडचा थर त्याला एरवी वाचवतो, तो क्लोराईडमुळं जागोजागी फुटतो. पोतं फाटलं, मूठभर पोटॅश सांध्यात गेलं आणि वर ओल्या केळीचं पाणी ठिबकलं की झाला खारा समुद्र. त्यात चीक काढायला वापरलेलं तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. जीवामृताच्या आणि गोमूत्राच्या ड्रममधला अमोनिया पितळ आणि तांबं खातो. वरून काळी माती. ती सांध्यात बसली की पाऊस उघडल्यावरही आतली ओल बरेच दिवस सोडत नाही. उन्हाळ्यात सगळं कोरडं ठाक असतं म्हणून गंज थांबल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात क्षार तिथंच वाळून बसलेले असतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा कामाला लागतात.

धातूंची जोडी बघायला ‘ॲनोडिक इंडेक्स’ नावाचा तक्ता वापरतात. त्यातले आपल्या कामाचे आकडे व्होल्टमध्ये असे: जस्ताचा मुलामा सुमारे १.२०, ॲल्युमिनियम ०.९० ते ०.९५, साधं लोखंड ०.८५, स्टेनलेस ३०४ सुमारे ०.५०, पितळ ०.४० ते ०.४५, तांबं ०.३५. मोठ्या आकड्याचा धातू झिजतो. क्षारांच्या ओलीत दोघांमधला फरक ०.१५ च्या आत असावा, साध्या छपराखालच्या जागेत ०.२५ पर्यंत चालतो. आता गंमत बघा. ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्यात फरक जेमतेम ०.०५ ते ०.१० चा, म्हणजे तक्त्याच्या हिशेबानं जोडी बिनघोर. तरी पत्रा फुगतो. कारण तक्त्यात फट मोजलेली नसते. पत्रा आणि चॅनेल यांच्यामधल्या कागदाएवढ्या फटीत पाणी ओढलं जातं, हवा पोचत नाही, आतलं पाणी हळूहळू आम्ल होत जातं. मग ॲल्युमिनियम फटीतच झिजत सुटतं आणि लोखंडाचा गंज फुगून पत्रा वर उचलतो. म्हणून तक्ता पाहून निश्चिंत होऊ नका. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांचा फरक तर ०.४० चा आहे, तिथं तक्ताही इशारा देतोच.

दुसरी गोष्ट तक्त्याइतकीच महत्त्वाची: कोणाचं क्षेत्रफळ किती. झिजणारा धातू मोठा आणि वाचणारा छोटा असेल तर झीज पसरते. उलट असेल तर सगळी झीज त्या छोट्या तुकड्यावर येऊन पडते. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टेनलेसचा बोल्ट म्हणूनच बऱ्यापैकी टिकतो, फक्त बोल्टभोवतीचा भाग खाल्ला जातो. पण लोखंडी किंवा स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात ॲल्युमिनियमचे पॉप रिवेट मारले तर रिवेटच संपतात. रिवेटच मारायचे असतील तर स्टेनलेसचे, आणि प्रत्येक रिवेट पीयू सीलंटमध्ये (पॉलियुरेथेनची सांधे बुजवायची लवचीक पेस्ट) बुडवून. बाजारातल्या नेहमीच्या ॲल्युमिनियम रिवेटच्या आत लोखंडी दांडीचा तुकडा राहतो, तो गंजला की भोकातून लाल ओघळ येतो.

यातूनच रंगाचा एक नियम निघतो, आणि बहुतेक कामं इथंच बिघडतात. लोक फक्त झिजणाऱ्या धातूला रंग देतात. त्या रंगाला एक ओरखडा पडला की उघडा पडलेला ठिपका एकटा सगळ्या स्टेनलेस-लोखंडाची झीज अंगावर घेतो आणि भोक पडतं. त्यापेक्षा एकालाच रंग द्यायचा असेल तर वाचणाऱ्या धातूला द्या, म्हणजे इथं लोखंडी चौकटीला. शक्यतो दोघांनाही द्या. पण फक्त ॲल्युमिनियमला कधीच नाही.

आता कामाकडं. हौदा ८ बाय ५ फूट धरतो. ३ मिमी ॲल्युमिनियमचा तळ सुमारे ३० किलो भरतो, तेवढाच लोखंडी ८५ किलोच्या आसपास. म्हणजे ५५ किलो माल जास्त, हा या उद्योगाचा खरा फायदा. पत्रा ५०५२ ग्रेडचा मिळाला तर उत्तम. भंगारातला, ग्रेड माहीत नसलेला पत्रा घेऊ नका. त्यात तांबं मिसळलेला मिश्रधातू निघाला तर क्षारापुढं तो लवकर हार मानतो.

पत्रा एकसंध टाकू नका, लांबीत दोन तुकडे करा. आपल्याकडं डिसेंबरच्या पहाटे पत्रा १० अंशावर असतो आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ६५ अंशांपर्यंत तापू शकतो. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट पसरतं. ८ फुटांच्या अखंड पत्र्यात आणि चौकटीत ५५ अंशांच्या फरकाला सुमारे दीड मिलिमीटरचा ताण येतो. तेवढ्यानं सीलंट फाटतो, बोल्टवर चढवलेल्या प्लास्टिकच्या नळ्या, म्हणजे बुश, चिरडतात, आणि पहिल्या पावसात पाणी आत. दोन तुकड्यांत तोच फरक प्रत्येकी पाऊण मिलिमीटर होतो आणि मध्यापासून मोजला तर दोन्ही टोकांना ०.४ च्या आत. मधला जोड क्रॉस मेंबरवर, म्हणजे चौकटीच्या आडव्या चॅनेलवर, घ्या. तिथं ७५ मिमी रुंद पट्टी वेल्ड करा, दोन तुकड्यांत ६ मिमी फट ठेवा आणि ती नंतर पीयूनं भरा.

चौकटीचं सगळं वेल्डिंग आणि सगळी भोकं आधी उरका. रंग झाल्यावर भोक पाडलं की त्याची कड उघडी राहते आणि गंज नेमका तिथून शिरतो. वरच्या बाजूला उघडा राहणारा कुठलाही चॅनेल ठेवू नका. ठेवावाच लागला तर प्रत्येक खोलगट जागी १० मिमीचं निचऱ्याचं भोक. मग लोखंड साफ करा. नव्या चॅनेलवर जो निळसर-काळा मिल स्केल असतो तो राहू देऊ नका. तो स्वतःच लोखंडापेक्षा ‘वाचणारा’ आहे, म्हणजे रंगाखाली तुम्ही दुसरा धातूच ठेवून देता. ६० किंवा ८० नंबरच्या फ्लॅप डिस्कनं चकचकीत होईपर्यंत घासा, थिनरच्या फडक्यानं पुसा, फडकं पालटून पुन्हा पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. दोन घटकांचा झिंक फॉस्फेट इपॉक्सी प्रायमर, दोन हात, वाळून एकूण ८० ते १०० मायक्रॉन. कडांना आणि वेल्डला ब्रशनं एक जादा हात आधीच द्या, कारण स्प्रेचा थर कडेवर पातळ पडतो. भोकांच्या आतही ब्रश फिरवा. दुकानदार झिंक क्रोमेट पुढं करील. त्याचं काम चांगलं आहे, पण क्रोमेटची धूळ आणि फवारा फुप्फुसाला घातक असतो. घरच्या अंगणात ते नको. साधा रेड ऑक्साईड खिडकीच्या ग्रिलला ठीक, पोटॅश वाहणाऱ्या सांध्याला नाही.

ॲल्युमिनियमच्या खालच्या बाजूलाही तोच इपॉक्सी. फक्त घासायचं साहित्य वेगळं ठेवा. लोखंड घासलेला तारेचा ब्रश किंवा डिस्क ॲल्युमिनियमवर चालवली तर लोखंडाचे कण आत रुततात आणि रंगाखाली लाल ठिपके उठतात. स्कॉचब्राईटनं घासा, पुसा आणि दोन-तीन तासांत प्रायमर मारा, कारण ऑक्साईडचा थर लगेच वाढायला लागतो. शेजारी कोणी ग्राइंडर चालवत असेल तर पत्रा झाकून ठेवा. ठिणग्याही तशाच रुततात.

इपॉक्सी हाताला सुकला म्हणजे तयार झाला असं नाही. पूर्ण पक्का व्हायला साधारण ७ दिवस. घाई करून तिसऱ्या दिवशी आवळलं तर बोल्टखालचा रंग दाबून बाहेर येतो आणि उघडा धातू उघड्या धातूला टेकतो.

आता दोघांच्या मधला थर. धातू अलग ठेवण्याचं महत्त्व माणसाला जहाजावर कळलं. ब्रिटिश नौदलाच्या ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा लोखंडी खिळ्यांनी ठोकला होता. १७६३ साली तळ तपासला तेव्हा बरेच खिळे खाऊन गेलेले निघाले. पण जिथं पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद खिळ्याच्या डोक्याखाली चुकून राहिला होता, तिथले खिळे शाबूत होते. आपल्याला कागद नको. पाणी न पिणारी, वीज न नेणारी पट्टी हवी: १.५ ते २ मिमी जाडीची पीव्हीसी शीट कापून घ्या. पट्टी चॅनेलच्या फ्लँजपेक्षा (वरच्या सपाट भागापेक्षा) दोन्ही बाजूंनी ३ मिमी बाहेर ठेवा, म्हणजे कडेवरून पाण्याचा थेंब दोन्ही धातूंना एकदम भिजवणार नाही. पट्टीच्या खाली आणि वर पीयू सीलंटची बारीक रेघ ओढूनच ती बसवा. कोरडी ठेवलेली पट्टी म्हणजे दोन नव्या फटी.

गोणपाट, नमदा, पुठ्ठा, चामडं यातलं काही घालू नका. ते पाणी धरून ठेवतं. जुन्या ट्यूबचं रबर कापून घालायचा मोह होईल. ट्यूबच्या रबरात कार्बन ब्लॅक भरपूर असतं आणि असं रबर थोडीफार वीज नेऊ शकतं. वापरायचंच असेल तर आधी मल्टिमीटरच्या दोन्ही सुया त्याला लावून बघा, किलो-ओहममध्ये आकडा दिसला तर बाजूला टाका. काळी ड्रिपची नळी मात्र चालते. तिच्यात उन्हापासून बचावापुरतं दोन-अडीच टक्केच कार्बन असतं.

ड्रिपची नळी मुद्दाम काढली, कारण खानदेशात ती प्रत्येकाच्या बांधावर पडलेली असते आणि बोल्टच्या बुशासाठी तिच्यासारखी फुकट वस्तू नाही. एम८ म्हणजे ८ मिमी जाडीच्या बोल्टला आतून ८ आणि बाहेरून १० मिमीच्या आसपासची मायक्रोट्यूब शोधा. व्हर्नियरनं मोजून घ्या, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. बुश बोल्टला भोकाच्या भिंतीपासून लांब ठेवतो, त्याच्यावर दाब येत नाही, म्हणून मऊ प्लास्टिक चालतं. दाब वॉशरवर येतो, तिथं ड्रिपची नळी कापून चपटी करणं चालणार नाही. तिथं नायलॉनचा २ मिमी वॉशरच हवा.

बोल्टची रचना वरून खाली अशी: स्टेनलेस ३०४ चा एम८ बोल्ट, त्याखाली स्टेनलेसचा २४ मिमी रुंद वॉशर, त्याखाली त्याहून थोडा मोठा नायलॉन वॉशर, मग ११ मिमी भोकाचा ॲल्युमिनियम पत्रा, पीव्हीसी पट्टी, चॅनेलचा फ्लँज, खाली साधा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा). टोकाच्या ओळीतली पत्र्याची भोकं १२ मिमीची करा, पसरायला जागा मिळते. बुशाची लांबी पत्रा अधिक पट्टी यांच्यापेक्षा अर्धा मिमी कमी. ३ अधिक २ म्हणजे ५, तर बुश साडेचारचा. तो लांब झाला तर बोल्टचा सगळा दाब बुशावर जातो आणि पत्रा खालून खुळखुळतो. खालच्या बाजूला नायलॉन वॉशर घालायची गरज नाही. वरच्या बाजूनं बोल्ट ॲल्युमिनियमपासून सुटला आहे, पट्टीनं पत्रा लोखंडापासून सुटला आहे. बोल्ट लोखंडाला टेकला तरी मोठ्या, रंगवलेल्या चॅनेलवर छोटा स्टेनलेस, ही जोडी निभावते. अर्धे वॉशर वाचतात.

आवळताना ८ ते १० न्यूटन-मीटरवर थांबा. स्टेनलेसचा एम८ याच्या दुप्पट सहन करतो, पण नायलॉन करत नाही. स्टेनलेसचा नट एअर गननं भरकन फिरवला तर आट्या एकमेकांत रुतून नट जाम होतो आणि बोल्ट कापावा लागतो. हातानं, हळू, आट्यांना मॉलिब्डेनमची पेस्ट लावून. तांब्याचं किंवा ग्रॅफाइटचं ग्रीस ॲल्युमिनियमजवळ नको. तांबं आणि ग्रॅफाइट दोन्ही तक्त्यात खालच्या टोकाला बसतात. दोन आठवड्यांनी एकदा पुन्हा आवळा, नायलॉन दाबाखाली थोडा बसतो.

स्टेनलेस न घेता गरम जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट घेतले तर? अगदीच वाईट नाही, उलट बुश नीट बसवता येत नसेल अशा अडचणीच्या जागी तेच बरे. जस्त स्वतः झिजतं आणि ॲल्युमिनियमला वाचवतं. पण मुलामा गरम बुडवणीचा हवा, ४५-५० मायक्रॉनचा. हार्डवेअरच्या दुकानात डब्यातून मोजून देतात ते चकचकीत पांढरे-पिवळे बोल्ट ५ ते ८ मायक्रॉनचे असतात, ते एका पावसाळ्याचे धनी. गरम मुलाम्याच्या बोल्टला नटही त्याच मुलाम्याचा घ्या. त्याच्या आट्या मुद्दाम सैल पाडलेल्या असतात, साधा नट चढत नाही. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मात्र या कामात अजिबात नकोत. त्यांना बुश घालता येत नाही आणि शिरतानाच ते रंग खरवडतात.

प्रत्येक बोल्ट आवळला की लगेच मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वीज जात असेल तर बीप वाजते त्या खुणेवर) ठेवून एक सुई पत्र्याच्या उघड्या जागी, दुसरी चौकटीवरच्या खरवडलेल्या ठिपक्यावर लावा. आवाज आला तर नुकताच आवळलेला बोल्ट सोडा, त्याचा बुश सरकला आहे. सगळे आवळून शेवटी तपासायला गेलात तर पन्नासेकांतला कुठला तो शोधत बसाल. सीलंट ओला असताना थोडा रेझिस्टन्स दिसू शकतो, बीप मात्र येता कामा नये. शेवटी तो ठिपका पुन्हा रंगवा.

मग कडेनं सगळीकडं पीयू सीलंटचा ६ मिमीचा भराव द्या आणि बोटानं उताराचा करा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन घेऊ नका. तो सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतो आणि लोखंड, जस्त, तांबं तिघांनाही लागतो. बोल्टच्या डोक्यांवरही सीलंटचा एक ठिपका.

अलग केलेल्या पत्र्याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. पहिला विजेचा. हौद्यातला दिवा किंवा पंप पत्र्याला अर्थिंग देऊन चालवत असाल तर तो आता बंद पडेल, कारण पत्रा चेसीपासून सुटला आहे. त्याला वेगळी निगेटिव्ह तार ओढा. पत्र्याला अर्थिंग देऊन ‘जुगाड’ केलं तर तुम्ही केलेलं सगळं काम एका तारेनं वाया जातं. शिवाय गळकी वीज ओलीतून गेली तर झीज नुसत्या जोडीच्या झिजेपेक्षा कितीतरी वेगानं होते: एक अँपिअर वर्षभर वाहिला तर हिशेबानं ९ किलो लोखंड किंवा जवळपास ३ किलो ॲल्युमिनियम विरघळतं. दुसरा परिणाम पेट्रोलचा. अलग पत्र्यावर कॅन ठेवून पंपावर पेट्रोल भरू नका, स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. कॅन खाली जमिनीवर उतरवा, मगच भरा.

जिथं दोन धातूंना टेकावंच लागतं, उदाहरणार्थ चेसीवरचा बॅटरीचा अर्थ, तिथं स्पर्श तोडता येत नाही, म्हणून पाणी तोडायचं. कथिलाचा मुलामा दिलेला तांब्याचा लग (तारेच्या टोकाला बसणारी कडी) घ्या. लोखंड चकाकेपर्यंत घासा, आवळा, मग वरून रंग आणि तो वाळल्यावर व्हॅसलीनचा जाड थर. उलट क्रम नको. तारेच्या टोकाला आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा, नाहीतर पाणी तारेच्या आतून ओढलं जाऊन फूटभर तांबं हिरवं पडतं.

प्रश्नात नाही, पण गाडी जुनी आहे म्हणून: रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी असेल तर आधी ते काढा. इंजिनात ॲल्युमिनियमचं हेड, बीडाचा ब्लॉक आणि कधी तांब्या-पितळेचा रेडिएटर, म्हणजे तीन धातू एका भांड्यात, आणि बोअरच्या पाण्यात क्षार. डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट निम्मेनिम, बाटलीवर लिहिलेल्या मुदतीत बदलायचं. मल्टिमीटरची निगेटिव्ह सुई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि पॉझिटिव्ह सुई कूलंटमध्ये बुडवा, नळीच्या धातूला न टेकवता. इंजिन थंड असतानाच झाकण उघडायचं. ०.३ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर कूलंटचा गुण संपला किंवा कुठंतरी अर्थ सैल आहे.

चेसीला खालून जळकं ऑईल फासायची आपल्याकडं रीत आहे. काही दिवस गंज थांबतो हे खरं. पण त्यात इंजिनातली आम्लं असतात, रबरी बुश फुगतात, धूळ चिकटून तिचा ओला लेप तयार होतो, आणि ते तेल कातडीलाही वाईट. त्याऐवजी पोकळ चॅनेलमध्ये कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं पातळ मेण) फवारा.

पोटॅश किंवा मोरचूद वाहिलं की त्याच संध्याकाळी हौदा गोड्या पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा सांध्यावर जवळून मारू नका, सीलंट उचलला जातो. पत्र्याच्या कडेला पांढरी भुकटी किंवा रंगाला फोड दिसला तर तेवढाच बोल्ट काढा. नायलॉन वॉशर चिरलेला किंवा बुश फाटलेला सापडेल. शेजाऱ्याच्या गाडीसारखा पत्रा फुगला असेल तर वरून सीलंट फासून उपयोग नाही, आतली ओल आतच कोंडते. पत्रा उचला, भुकटी स्कॉचब्राईटनं काढा आणि उरलेली जाडी मोजा. ३ मिमीचा २ मिमीच्या खाली गेला असेल तर तेवढा भाग बदला. बाकीचा रंगवून, बोल्टची जुनी भोकं ११ मिमीची करून, वर सांगितलेल्या रीतीनं बसतो.

सामान एवढं लागेल: सहा क्रॉस मेंबर धरून कडेसकट १७ मीटर पीव्हीसी पट्टी, ३० सेंटीमीटरवर एक या हिशेबानं कडेचे धरून सुमारे ५५ बोल्ट आणि तेवढेच नायलॉन वॉशर, ५-१० जादा, इपॉक्सी प्रायमर हार्डनरसकट ३ लिटर, ३१० मिलीच्या पीयू सीलंटच्या ३ नळ्या, दोन मीटर मायक्रोट्यूब. फक्त तळ बदलत असाल तर एवढंच. हौद्याची उंची-लांबी बदलायची असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आधी आरटीओची परवानगी घ्या.

वेळेचा हिशेब उलटा धरा. मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सीलंटही पूर्ण सुकलेला हवा. त्याआधी इपॉक्सीचे ७ दिवस, त्याआधी साफसफाई आणि वेल्डिंग. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काम हाती घेतलंत तर हातात पुरेसे दिवस राहतात. फक्त दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग मारू नका, थिनर उडून जातो आणि थर भुकटीसारखा पडतो. सकाळी नऊच्या आत मारा.